मदत हवी आहे : हळदीच्या धुळीचा धोका फॉर्ममध्ये कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळ एका मसाल्याच्या युनिटमध्ये मेंटेनन्स बघतो. परदेशी ग्राहकाने ‘रिस्क असेसमेंट’चा, म्हणजे कामातले धोके मोजायचा फॉर्म मागितलाय आणि तो माझ्या गळ्यात पडलाय. थिनर, गॅस सिलिंडर, जनरेटरचं डिझेल लिहून झालं. अडलोय हळदीपाशी.

मालक म्हणतात, “हळद म्हणजे काय बारूद आहे काय?” पण गेल्या महिन्यात बकेट एलेव्हेटरचा (बादल्यांनी माल वर चढवणारं मशीन) पट्टा सरकून पत्र्याला घासत होता. आधी फोडणी करपल्यासारखा वास आला. मोटर बंद करेपर्यंत वर ‘भप्प’ झालं, झाकण उडालं, धूळ अडवणाऱ्या बॅग फिल्टरच्या चार पिशव्या जळाल्या. कुणाला लागलं नाही, म्हणून रजिस्टरमध्ये “पट्टा बदलला” एवढीच नोंद.

तेव्हापासून वाचतोय. २००८ साली अमेरिकेत, जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात १४ माणसं गेली. पहिला स्फोट बंदिस्त कन्व्हेयरमध्ये झाला. त्याच्या धक्क्याने मजल्यांवर साठलेली साखरेची धूळ उडाली आणि तीच पेटत गेली. आमच्या शेडच्या छताच्या कैच्यांवर बोट ठेवलं तर धुळीत नख बुडतं. घनमीटरला ५०० किलो वजन धरलं तर १ मिमी थर म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो. ५ मीटर उंचीच्या शेडमध्ये ती उडाली की घनमीटरला १०० ग्रॅम. बऱ्याच सेंद्रिय धुळी तेवढ्यावर पेट घेतात. गणित तीनदा केलं, उत्तर तेच.

आता अडचण. फॉर्ममध्ये ‘शक्यता गुणिले तीव्रता’ आहे. “बारा वर्षांत काही झालं नाही, शक्यता १ लिही,” असं मालकांचं म्हणणं. मी काय लिहू? आमची पूड लॅबला पाठवायलाच हवी, की दुसऱ्या कुठल्या पिठाचा आकडा चालेल? आणि पोरं दर शनिवारी कॉम्प्रेसरच्या हवेने शेड झाडतात, ते मशीन बंद असताना तरी चालतं का?

प्रतिसाद

दादा, ‘काही झालं नाही’ कसं? भप्प झालं तोच स्फोट होता, छोटा. आधी ती घटना नीट लिहून काढा. शक्यता इतिहासावर नाही, परिस्थितीवर ठरवा : एलेव्हेटर आणि फिल्टरच्या आत चालू मशीनमध्ये ढग असतोच, म्हणजे तिथे झोन २० (पेट घेणाऱ्या धुळीचा ढग सतत किंवा बराच वेळ असतो अशी जागा). ठिणगीचं कारणही सापडलंय. मी ४ लिहीन.

पूड लॅबला पाठवाच. बारीकपणा आणि ओलावा बदलला की आकडे बदलतात, गव्हाच्या पिठाचा आकडा हळदीला लावू नका. हवेने झाडणं आजच बंद करा. मशीन बंद असलं तरी ढग तुम्हीच करताय, आणि वर दिवे, बोर्ड चालूच असतात. धुळीसाठी बनवलेला व्हॅक्यूम घ्या. पट्टा सरकला की मोटर बंद करणारा स्विच आणि बेअरिंगला तापमानाचा सेन्सर बसवा. आग लागली तर पावडरच्या सिलिंडरचा जोरदार झोत ढिगावर मारू नका, धूळ उडते. आणि लोखंडाचा तुकडा चक्कीत गेला तर ठिणगी पडते, तो अडवायला चक्कीच्या तोंडाशी लोहचुंबक आहे का?

धागाकर्ता

आहे. शेवटचं कधी पुसलं ते कुणाला आठवेना. आज उघडलं तर दोन नट, एक खिळा आणि पोती शिवायचा दाभण. फोटो फॉर्मला जोडतोय. मालक बराच वेळ दाभणाकडे बघत होते. व्हॅक्यूमचं कोटेशन मागवायला सांगितलंय.