मदत हवी आहे: ताऱ्यांच्या प्रतीच्या सूत्रात २.५ आणि ५ कुठून येतात?

नमस्कार मंडळी, ताऱ्यांची तेजस्विता आणि अंतर हा भाग सध्या एकट्यानेच वाचतोय आणि लॉग शाळेत केलेलं अर्धवट आठवतंय, त्यामुळे जरा सोपं करून सांगा प्लीज. प्रतीचा आकडा जितका कमी तितका तारा ठळक हे समजलं, ५ प्रतींचा फरक म्हणजे बरोबर १०० पट हे पॉगसनने १८५६ मध्ये सुचवलं तेही ठीक. पण एका प्रतीला २.५१२ पट म्हणतात आणि सूत्रात मात्र २.५ गुणिले लॉग असतं, म्हणजे तो राउंड केलेला आकडा आहे का? आणि अंतराच्या सूत्रात (दृश्य प्रत − निरपेक्ष प्रत = ५ लॉग अंतर − ५, अंतर पार्सेकमध्ये, १ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) एकदम ५ कसा काय येतो?

उदाहरणाला व्याध आणि अगस्ती घेतलेत. व्याध −१.४६, अंतर २.६४ पार्सेक. अगस्ती −०.७४, अंतर साधारण ९५ पार्सेक. मुळात जास्त तेजस्वी कोण आणि किती पट?

प्रतिसाद १:
राउंड वगैरे काही नाही, तो नेमका २.५ च आहे. १०० चा लॉग २, त्या २ ला ५ प्रती बसवायच्या म्हणून ५ भागिले २. आणि २.५१२ हे १०० चं पाचवं मूळ. दोन्ही आकडे इतके जवळ आले हा निव्वळ योगायोग, पण वैताग आणतो खरा.

आता ५ चं. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, लॉग घेतला की वर्गातला २ खाली उतरून गुणाकारात येतो, २.५ गुणिले २ झाले ५. शेवटचा वजा ५ कारण निरपेक्ष प्रत म्हणजे तारा १० पार्सेकवर ठेवला तर दिसेल ती प्रत, आणि १० चा लॉग १.

तुमचं उदाहरण: २.६४ चा लॉग ०.४२२, म्हणून व्याधाची निरपेक्ष प्रत १.४३ च्या आसपास. ९५ चा लॉग १.९७८, म्हणून अगस्तीची −५.६३. फरक ७.०६, त्याला ०.४ ने गुणून १० च्या डोक्यावर चढवा, जवळपास ६७० पट. म्हणजे आपल्याला दुप्पट ठळक दिसणारा व्याध मुळात अगस्तीपुढे काहीच नाही, जवळ आहे म्हणून मिरवतोय. ताळा हवा असेल तर अंतरं ३६ पट, वर्ग १२९६, भागिले दिसण्यातला १.९४ पटींचा फरक, परत तेच उत्तर. फक्त कॅल्क्युलेटरवर १० पायाचा लॉग दाबा, बाजूचा नॅचरल लॉग नको.

धागाकर्ता:
वा, वर्गाचं कळलं आणि सगळं जुळलं! पण मग निरपेक्ष प्रत काढायला अंतर लागतं आणि अंतर काढायला निरपेक्ष प्रत, हे गोल गोल नाही का झालं?

प्रतिसाद २:
जवळच्या ताऱ्यांना हे सूत्र अंतरासाठी लागतच नाही, पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा तारा किंचित सरकलेला दिसतो त्या कोनावरून अंतर मिळतं, बेसेलने १८३८ मध्ये तसंच काढलं होतं. लांबच्यांसाठी ज्यांची निरपेक्ष प्रत दुसऱ्या कशावरून तरी कळते असे तारे शोधायचे. सेफीड तारे ठरावीक काळाने कमीजास्त तेजस्वी होतात आणि जितका काळ मोठा तितका तारा मुळात तेजस्वी, हेन्रिएटा लेविटने लघु मॅगेलनी मेघ या आपल्या जवळच्या छोट्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांवरून १९१२ मध्ये हे दाखवलं. समजा काळावरून निरपेक्ष प्रत −४ निघाली आणि तारा दिसतोय १५ प्रतीचा, तर फरक १९, त्यात ५ मिळवून ५ ने भागा, ४.८, म्हणजे सुमारे ६३ हजार पार्सेक, दोन लाख प्रकाशवर्षांच्या थोडं पुढे. तो मेघ साधारण तेवढ्याच लांब आहे.

एक गोष्ट मात्र राहिली, मधल्या धुळीने प्रकाश अडला तर तारा उगाच फिका दिसतो आणि सूत्र त्याला आहे त्यापेक्षा लांब टाकतं, म्हणून धुळीने जितक्या प्रती खाल्ल्या तितक्या दृश्य प्रतीतून आधी वजा करून घ्यायच्या.