मदत हवी आहे: तन्मणीचे मोती पिवळे पडलेत, ब्लीच करावेत का?

गोदाकाठ (नांदेड): हैदराबादहून घेतलेला तन्मणी आहे. कल्चर्ड मोती, ५ मिमी, रेशमात ओवलेले, खोड (मधले पदक) कुंदनाचे. मानेमागचे मोती पिवळट, निस्तेज झालेत. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवा असे सराफ्यात सांगतात. घरी जमेल का?

मोतीपारखी: घरी नका करू, कळकळीने सांगतो. कारखान्यात भोक पाडलेले सुटे मोती पातळ पेरॉक्साइडमध्ये, बेताच्या उष्णतेवर, उजेडाखाली आठवडेच्या आठवडे ठेवतात. भोकातून द्रव आत शिरून थरांमधल्या कॉन्कायोलिन प्रथिनाचा रंग उडवतो. द्रावणाचा सामू सारखा तपासावा लागतो, कारण मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा आणि ते आम्लात विरघळते. शिवाय हेच प्रथिन थर धरून ठेवते. ब्लीच जास्त झाले की मोती खडूसारखा भुरा, ठिसूळ होतो आणि मग उपाय नाही. अकोया (जपानी समुद्री कल्चर्ड) मोत्यांची गुलाबी झाकही बऱ्याचदा ब्लीचनंतर रंगाने चढवलेली असते. असे मोती असतील तर तीही जाईल.

फक्त मानेमागचेच पिवळे, म्हणजे घाम आणि केसांचे तेल असण्याची शक्यता जास्त.

लातूरची ताई: बरोबर. आधी पटवेकऱ्याकडून (दागिने ओवणाऱ्याकडून) खोड सुटे करून घ्या, आत लाख असते, पाणी नको. वाटीभर कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचे २ थेंब. सुती फडके घट्ट पिळून एकेक मोती पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने. बुडवायचे नाही, रेशीम ओले राहून कुजते. सावलीत आडवे ठेवून २४ तास वाळवा. चिंच, लिंबू, रिठा, दंतमंजन, अल्ट्रासॉनिक मशीन सगळे वर्ज्य. आपल्याकडच्या मे महिन्यात तापणाऱ्या पत्र्याखालच्या कपाटातही ठेवू नका. कोरड्या उष्णतेने बारीक तडे जातात.

गोदाकाठ: पुसल्यावर बराच फरक पडला, आभार! पण १० पट भिंगातून दोन मोत्यांच्या भोकाशी पापुद्रा सुटलेला दिसतो.

मोतीपारखी: पापुद्रा मऊ, पारदर्शक असेल तर वरून दिलेले कोटिंग आहे. कडक, पांढरा असून खाली सरळ पट्टे असलेला मणी (कल्चर्ड मोत्याच्या गाभ्यातला शिंपल्याचा मणी) दिसला, तर मोत्याचा थरच पातळ आहे. दोन्हींत पॉलिश करू नका, उरलेलाही जाईल. ते दोन बदला. जोड शोधताना चांगला मोती सोबत न्या आणि पांढऱ्या कापडावर, दिवसाउजेडी जुळवा. ओवताना प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून घ्या.