शब्दचर्चा: जुगारातला ‘भाव’, ‘पट’ आणि ‘अपेक्षित मूल्य’

प्रश्न: मटक्यात ‘दहाला नव्वद’ म्हणतात, रूलेमध्ये (आकड्यांच्या फिरत्या चाकावरचा जुगार) ‘एकास पस्तीस’. या भावांत लावलेले पैसे धरलेले असतात का? आणि ‘अपेक्षित मूल्य’ म्हणजे अंदाजच ना?

प्रतिसाद: भाव बोलण्याच्या या दोन वेगळ्या रीती आहेत. ‘दहाला नव्वद’ म्हणजे हातात एकूण नव्वद, लावलेले दहा त्यातच आले. ‘एकास पस्तीस’मध्ये पस्तीस हा निव्वळ फायदा, लावलेला रुपया वेगळा परत येतो, म्हणजे हातात छत्तीस. मराठीत ‘पट’ एकूण रकमेला लागतो (दामदुपटीत मुद्दल धरलेलेच असते), म्हणून रूलेबद्दल ‘छत्तीसपट’ लिहिणेच बरोबर.

रास्त भाव काढायचा तर हातात येणाऱ्या रकमेला जिंकण्याच्या संभाव्यतेने गुणा. उत्तर लावलेल्या रकमेइतके यायला हवे. मटक्यात दहांतला एक अंक, म्हणजे रास्त भाव दहाला शंभर. मिळतात नव्वद, म्हणून रुपयामागे सरासरी 10 पैसे बुकीचे. जोडीला (दोन अंकी आकड्याला) रुपयास 90; शंभरांतली एक जोडी लागते, तेव्हा कात्री तीच. आकडा मोठा दिसतो म्हणून जोडी फायद्याची वाटते, पण तसे काहीच नाही. 37 खान्यांच्या युरोपीय रूलेत ही कात्री 2.7 पैशांची आहे.

प्रतिसाद: पत्तीचे (तीन अंकी आकड्याचे) उदाहरण यात यायलाच हवे. 777 सारख्या तिन्ही अंक सारखे असलेल्या पत्तीला सहसा रुपयास 600 असा भाव सांगितला जातो. मडक्यातून 0 ते 9 अंकांची चिठ्ठी तीनदा काढून दर वेळी परत टाकली, तर ती पत्ती येण्याची संभाव्यता हजारात एक, म्हणजे रास्त भाव 1000. पण राजा-राणी-गुलाम काढून उरलेल्या 40 पत्त्यांतून तीन पत्ते उचलले, तर एकूण 9880 प्रकारांपैकी फक्त 4 उपयोगाचे. रास्त भाव 2470! भाव 600च राहिला तर रुपयामागे 24 पैसे परत. म्हणून नुसता भाव सांगून भागत नाही, सोडत कशी काढतात तेही विचारले पाहिजे. खेळणाऱ्याला हे कोणी सांगत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

मूळ प्रश्नकर्ता: मग ‘अपेक्षित’ हा शब्द कुठून आला? नव्वद पैशांची अपेक्षा तर कोणीच धरत नाही.

प्रतिसाद: डच गणितज्ञ हायगेन्सच्या 1657च्या फाशांवरील ग्रंथाच्या लॅटिन पाठात ‘एक्सपेक्टाशिओ’ आहे, तिथून तो पुढे रुळला. अर्थ मात्र अंदाजाचा नाही. प्रत्येक शक्य रक्कम तिच्या संभाव्यतेने गुणून केलेली बेरीज म्हणजे अपेक्षित मूल्य. एका फाशाचे अपेक्षित मूल्य 3.5, आणि साडेतीन ठिपके कधीच पडत नाहीत. परीक्षेत ‘अपेक्षित मूल्य’च लिहा; घरात कोणाला समजवायचे असेल तर ‘रुपयामागे सरासरी परतावा’ म्हणा.