मदत हवी आहे: हरकत पोर्टलवर जात नाही, परवा मुदत संपते

चव्हाट_गल्ली (३ मार्च २०२५)
मसुद्यावर हरकत टाकायची आहे. मजकूर मराठीत तयार, सह्याही जमल्यात. पेस्ट केलं की नुसता कचरा येतो. ब्राउझर बदलला, तेच. लवकर सांगा.

टिळकवाडीकर
कुठला मसुदा? केंद्राचा की बेंगळुरूचा? कचरा म्हणजे चौकोन की इंग्रजी अक्षरं?

निपाणी_नाका
परवा म्हणजे ५ मार्च, म्हणजे केंद्राच्या डेटा संरक्षण नियमांचाच मसुदा. आधी १८ फेब्रुवारी होती, वाढवली. मराठीत टाकूच नका, तिकडं वाचणार कोण?

खानापूर_जंगल
का नको? घटनेचा अनुच्छेद ३५० वाचा. केंद्रात वा राज्यात वापरातल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं देता येतं.

निपाणी_नाका
गाऱ्हाणं वेगळं, मसुद्यावरची सूचना वेगळी. मराठी ठेवायचंच तर वर इंग्रजी सार जोडा.

चव्हाट_गल्ली
वाद नंतर घाला की! होय, डेटाचाच. इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, कंस. टायपिंग बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानातनं करून घेतलंय.

टिळकवाडीकर
मग पोर्टलचा दोष नाही, मजकूर श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये असणार. आत इंग्रजी कोडच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. पोर्टलवर तो फॉन्ट नाही. पीडीएफमधनं कॉपी करू नका, दुकानातनं मूळ फाईल मागवा, कन्व्हर्टरनं युनिकोड करा, म्हणजे कुठल्याही साइटवर मराठीच दिसेल. मग रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथंच फाटतं.

कुंदा_स्पेशल
एवढं कशाला? एकच मेल सगळ्यांनी पाठवा. २०१५ ला ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, दहा लाखांच्या आसपास मेल गेले, फेब्रुवारी २०१६ ला वेगवेगळ्या साइटना वेगवेगळे डेटा दर लावण्यावर बंदी आली.

निपाणी_नाका
आणि ट्रायनं ते मेल पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकले, ते? इथं सूचना नियमवार मागवल्यात. नियम क्रमांक, अडचण, बदली वाक्य, या क्रमानं लिहा. मसुद्यातला नियम २२ सोडू नका, त्यात मसुद्याच्याच सातव्या अनुसूचीतल्या कारणांसाठी सरकार कंपनीकडून माहिती मागवू शकतं.

खानापूर_जंगल
सीमाभागाचा मुद्दा नियम ३ मध्ये आहे. डेटा संरक्षण कायद्याचं कलम ५(३) संमती मागताना कंपनी देते ती नोटीस इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय देतं, म्हणजे मराठीतही. मसुद्यात फक्त ‘स्पष्ट आणि सोपी भाषा’. बदली वाक्य असं द्या: ‘भाषा निवडीचा पर्याय संमतीच्या बटणाआधी, त्याच पडद्यावर दिसावा.’ नाहीतर तो कुठल्यातरी मेन्यूत पुरतील.

कुंदा_स्पेशल
आधी महापालिकेची परिपत्रकं मराठीत मिळू देत!

टिळकवाडीकर
त्याला वेगळा धागा काढा. चव्हाट, सह्यांच्या कागदावर काय काय आहे?

चव्हाट_गल्ली
नाव, गाव, मोबाईल, आधार नंबर.

टिळकवाडीकर
डेटा संरक्षणाच्या हरकतीला आधार नंबर? धन्य! नाव-गाव पुरे. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढू नका, ती काढता येते. कागदावरच ते दोन रकाने झाकून पुन्हा स्कॅन करा.

चव्हाट_गल्ली
कन्व्हर्ट झालं, पण ‘अर्ज’चा ‘अज’ झालाय सगळीकडं. हाताने बसतो. इंग्रजी सार कोण करून देतंय?