कन्सेप्ट मॅपमधल्या बाणांचं ओडब्ल्यूएलमध्ये (संगणकाला तर्क करता येईल असं ज्ञान लिहायची भाषा) काय करायचं?

हापूस_कोडर: कीडरोगवाल्या सरांनी सीमॅपटूल्समध्ये (कन्सेप्ट मॅप, म्हणजे कल्पना बाणांनी जोडलेली आकृती, काढायचं सॉफ्टवेअर) आंब्याची झकास आकृती काढून दिलीय, तुडतुडे, भुरी, मोहोर, काजळी सगळं बाणांनी जोडलेलं. आता ते प्रोटेजेमध्ये, म्हणजे ओडब्ल्यूएल लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घालतोय. "नुकसान करतो" या प्रॉपर्टीचं (संबंधाचं) डोमेन, म्हणजे बाण जिथून निघतो तो वर्ग, कीटक दिलं, रीझनर (निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम) चालवला तर त्याने भुरीलाच कीटक करून टाकलं 😄 बुरशी आहे हो ती! एरर का देत नाही?

रीझनरकाका: अरे डोमेन म्हणजे गेटवरचा वॉचमन नाही. जो नुकसान करतो तो कीटक असं तूच सांगितलंस, भुरी नुकसान करते, मग झाली कीटक. बुरशी आणि कीटक डिसजॉइंट कर, म्हणजे एकच गोष्ट दोन्ही असू शकत नाही असं सांग, मग बघ कसा बोंबलतो. नुसता डेटा तपासायचा असेल तर शॅकल (डेटा नियमांत बसतो का ते तपासायची भाषा) घे, 2017 पासून डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, स्टँडर्ड आहे.

मृगनक्षत्र: खरं दुखणं बाणांत आहे. "हापूस → आंबा", "मोहोर → आंबा", "तुडतुडे → काजळी" हे तिन्ही बाण सारखेच काढलेले असणार बघ. पहिला प्रकार, दुसरा भाग, तिसरा कारण, आणि तोही थेट नाहीच, तुडतुडे मोहोरातला रस शोषतात, चिकट गोड स्राव सोडतात, तो पानांवर पडतो आणि मग त्यावर काळी बुरशी वाढते. या मधल्या पायऱ्या सरांच्या डोक्यात आहेत, आकृतीत नाहीत. विल्यम वुड्स या संशोधकाने 1975 सालीच सिमँटिक नेटवर्कवाल्यांना (संकल्पना लिंकने जोडून ज्ञान मांडणाऱ्यांना) विचारलं होतं की तुमच्या लिंकचा नेमका अर्थ काय, आपण अजून तिथेच. सरांना घेऊन बस आणि एकेका बाणावर बोट ठेवून विचार, हे नेहमी होतं का कधीकधी?

साधासरळ: एवढं लागतंय का पण? नुसतं शोधायचं असेल तर एसकेओएस (शब्दसूची मांडायचा साधा साचा) बास झालं, एफएओचा (यूएनची अन्न आणि शेती संघटना) ॲग्रोव्होक हा शेतीचा शब्दसंग्रहपण त्यातच आहे.

हापूस_कोडर: नाही ना, फवारणीचा सल्ला द्यायचाय, भुरीवर कीटकनाशक सुचवलं तर सर हाकलतीलच. पण "कधीकधी" लिहायचं कसं? तुडतुड्याला "सम" (some, ओडब्ल्यूएलमधलं "निदान एक तरी") लावून काजळी जोडली तर चालेल?

मृगनक्षत्र: नको, त्याचा अर्थ प्रत्येक तुडतुड्यामुळे काजळी येतेच असा होतो. उलट बाजूने लिही, काजळी आली म्हणजे आधी चिकट स्राव पडलेला असणारच, हे "सम" लावून बिनधास्त लिहिता येतं. स्राव मात्र तुडतुड्यांचाच असं बांधून टाकू नको, पिठ्या ढेकूणही सोडतो.