लिंबाच्या ग्रीनिंगवर नॅनो फवारणीच्या चाचण्या कोल्हापुरात व्हाव्यात का?

करवीर बागायतदार : माझ्या उसाच्या बांधावर लिंबाची ४० झाडे आहेत. यंदा तीन झाडांची पाने चट्ट्याचट्ट्यांनी पिवळी पडली आणि फळे वेडीवाकडी होऊन अर्धवट हिरवीच राहिली. जस्ताच्या कमतरतेत पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना सारखा उमटतो. इथे तो जुळत नाही, म्हणून मला ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाची शंका येते. सिट्रस सायला हा रस शोषणारा कीटक या रोगाचे जिवाणू झाडोझाडी पोचवतो. फ्लोरिडात २००५ साली हा रोग आढळल्यानंतर तिथले संत्र्याचे उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घसरले. तिथल्या संशोधकांनी झिंक ऑक्साइडचे, म्हणजे जस्ताच्या संयुगाचे, असे सूक्ष्म नॅनोकण तयार केले, की ते झाडाच्या आत शिरून जिवाणूला गाठतील. शिवाजी विद्यापीठात नॅनो विज्ञान शिकवले जाते; मग इथल्या बांधांवर चाचण्या का होऊ नयेत?

पंचगंगाकाठ : दादा, आपली कळकळ पटते, उपाय पटत नाही. हे जिवाणू सालीखालच्या अन्नरसवाहिन्यांत राहतात आणि पानावर पडलेले औषध पुरेशा मात्रेत तिथवर पोचवणे हेच अवघड आहे. म्हणूनच तर फ्लोरिडात खोडात प्रतिजैविक टोचण्याची वेळ आली. शिवाय विरघळलेले जस्त जलचरांना घातक असते आणि आपल्या शिवारातले पाणी अखेर पंचगंगेलाच मिळते. हा रोग कलमांतूनही येतो. आपण रोपे कुठून आणली होती?

करवीर बागायतदार : बाजारातून, दाखला न पाहता. ती चूक माझीच. तरीही औषध वाहिन्यांपर्यंत पोचत नाही, हीच अडचण असेल, तर कणांचा आकार लहान करून पाहणे हाच त्यावरचा सरळ प्रयत्न आहे. केंद्राने नॅनो कृषी उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांच्या चौकटीत, नदीपासून दूर, चार झाडांवर चाचणी घेतल्याने पंचगंगेचे काय बिघडेल?

परसबाग : चार झाडांना माझीही हरकत नाही, पण आधी प्रयोगशाळेत पानांची पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी, तपासणी करून घ्यावी, नुसत्या डोळ्यांनी केलेल्या निदानावर चाचणी उभी राहत नाही. आणि एक सांगते. माझ्या दारच्या कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यावर परवा भिंग धरले, तेव्हा पिवळसर पिल्ले पांढरे मेणचट धागे सोडताना दिसली. सायला अंडी घालतो ती नवतीवरच, आणि कढीपत्ता त्याच्या आवडीचा. आपल्या बांधाशेजारी कुणाच्या परसात कढीपत्ता आहे का, ते पाहिलेत का?

पंचगंगाकाठ : ताईंचा मुद्दा मला फवारणीपेक्षा मोलाचा वाटतो. तपासणीत रोग निघाला, तर ती तीन झाडे चाचणीसाठी राखू नका, मुळासकट काढा.

करवीर बागायतदार : पाने उद्याच तपासणीला देतो. झाडे काढण्याचे मात्र अजून मनाला पटत नाही. त्यातले एक वडिलांनी लावलेले आहे.