मदत हवी आहे: कॅटचा (आयआयएमच्या एमबीएची प्रवेश परीक्षा) फॉर्म भरू की नको? (मुदत 13 सप्टेंबर 2025)

नमस्कार. गौरी-गणपती झाले, चाकरमानी परवा तुतारी एक्स्प्रेसने परत गेले आणि घर एकदम शांत झालं. पाच दिवस जो आला त्याने एकच विचारलं, "मग यंदा कॅट देत्येस ना?" मी सगळ्यांना "बघू" म्हटलं. आता मुदतीला आठ दिवस राहिलेत आणि घरात कुणाशी नीट बोलता येत नाहीये, म्हणून इथे विचारते.

मी 24 वर्षांची. रत्नागिरी तालुक्यात, पावसच्या बाजूला आमचं गाव. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, पुढे रत्नागिरीला कॉमर्स. दहावी 91 टक्के, बारावी 84, बी.कॉम. 76. तीन वर्षं एका पतसंस्थेत आहे, पगार 15 हजार, रोज एसटीने जाऊन-येऊन. बाबांची 310 कलमं आहेत. बहुतेक हापूस, थोडी पायरी, चार केसर. आजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे काढले आणि माती डोक्यावरून आणून भरली, असं आत्या सांगते. त्यांनी लावलेल्यातली साठेक कलमं अजून धरतात.

अडचण तारखांची आहे. यंदाची कॅट 30 नोव्हेंबरला. तेव्हा थंडी सुरू होते आणि मोहोर फुटायला लागतो. मोहोरावरच्या तुडतुडा किडीची फवारणी एक आठवडा चुकली तर पुढचा सगळा हंगाम चुकतो. बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, त्यांना उन्हात पंपामागे उभं राहता येत नाही. गड्यांवर लक्ष, औषधांचा हिशोब, डिझेल हे सगळं मी सकाळी कामावर जायच्या आधी आणि रविवारी बघते. सीईटी (राज्याची एमबीएची प्रवेश परीक्षा) म्हणावी तर ती यंदा 1 ते 3 एप्रिलला झाली, म्हणजे ऐन तोडणीत.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. बाबांचं ऑपरेशन झालं त्या वर्षी बाग कराराने दिली होती. करार घेणाऱ्याला एकाच हंगामाशी मतलब. त्याने बुंध्यात कल्टार (वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) वारेमाप ओतलं. झाडं लगडली, पण पुढे जुन्या कलमांना धड पालवी येईना, फुटवे आखूड आणि गुच्छासारखे. आत्ता कुठे ती सावरतायत. मी दोन वर्षं शिकायला गेले तर बाग पुन्हा कराराला जाणार. बाबा तसं बोलत नाहीत. ते म्हणतात, "फॉर्म भर, बागेचं मी बघतो." कसं बघणार, ते मी विचारलेलं नाही.

आणि तरी मला शिकायचंय. गेल्या हंगामात 140 पेट्या मी दलालाकडे न पाठवता डोंबिवलीला मामांच्या ओळखीने थेट सोसायट्यांत दिल्या. भाव बरा मिळाला. मग 11 पेट्यांत साका (आतला गर खराब) निघाला. मी त्या बदलून दिल्या, कारण नाव बाबांचं होतं. पण असा तोटा आधीपासून भावात कसा धरायचा, शीतगृहात माल ठेवला तर परवडेल का, पुढच्या वर्षी 500 पेट्या करायच्या तर पैसे कुठून उभे करायचे, यातलं काही मला येत नाही. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. आमचंही नोंदणीपत्र आहे, फाईलला लावलेलं. त्याचा विक्रीत उपयोग कसा करायचा हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

शेवटचं, जे घरी बोललेले नाही. मला इंग्रजी उताऱ्यांची भीती वाटते. बागेचं कारण खरं आहे, की मी बागेच्या आड लपत्येय, हे मला कळेनासं झालंय. कुणी यातून गेलं असेल तर सांगा. 86 दिवसांत काही होतं का? आणि फीसाठी कर्ज काढायचं तर बाग गहाण टाकावी लागते का? तसं असेल तर मी इथेच थांबते.

खाडीपलीकडची

तुझा प्रश्न वाचला. मी गुहागरची. मराठी माध्यम, बी.कॉम., म्हणजे तुझ्याच वाटेवरची. मी 2018 ला कॅट दिली तेव्हा पेपर तीन तासांचा आणि 100 प्रश्नांचा होता. 2020 पासून तो दोन तासांचा झाला. गेल्या वर्षी 68 प्रश्न होते: इंग्रजी 24, डीआयएलआर (आकडेवारी आणि तर्काचे प्रश्न) 22, गणित 22. प्रत्येक भागाला 40 मिनिटं, आणि एका भागातून दुसऱ्यात जाता येत नाही. बरोबर उत्तराला 3 गुण, पर्यायांचा प्रश्न चुकला तर 1 वजा. जिथे उत्तर स्वतः टाइप करायचं असतं तिथे चुकलं तरी काही वजा होत नाही, तेवढे प्रश्न कोरे सोडू नकोस.

मला उशिरा कळलं ते असं. गेल्या काही वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी मिळालेल्यांनाही 99 पर्सेंटाईल आलंय. म्हणजे अर्ध्याहून जास्त पेपर सोडून द्यायचा आणि तरी शांत राहायचं. दहावीला 91 टक्के काढलेल्या मुलीला हे फार जड जातं गं. मी डीआयएलआरच्या एका सेटवर (एकाच माहितीवरचा प्रश्नसंच) 25 मिनिटं हटून बसले होते, सोडवता आलाच पाहिजे म्हणून. तिथेच माझी परीक्षा संपली. 88 आले.

पर्सेंटाईल म्हणजे काय तेही आकड्यात बघ. गेल्या वर्षी 2.93 लाख जणांनी पेपर दिला. 99 म्हणजे तुझ्यापुढे साधारण 2,900 जण, 90 म्हणजे 29 हजार. घरच्यांना "नव्वद पडले" हे दहावीसारखं वाटतं. त्यांना आधीच समजावून ठेव, माझ्या घरी निकालाच्या दिवशी पेढे आणले होते.

उताऱ्यांचं म्हणशील तर मला शब्द अडत नव्हते, एका दमात पाचशे शब्द वाचायची सवयच नव्हती. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचायचे आणि लिहिणाऱ्याचं म्हणणं काय ते मराठीत दोन ओळींत लिहून काढायचे. एसटीत बसूनही होतं. पुढच्या मार्चपर्यंत एवढा फरक पडला की सीईटीवर मुंबईत एमएमएसला (मुंबई विद्यापीठाचं एमबीए) प्रवेश मिळाला. सीईटीला 150 मिनिटांत 200 प्रश्न, चुकीला गुण वजा होत नाहीत, तिथे वेग लागतो. जमनालाल बजाज, सिडनहॅमसारख्या ठिकाणचा खर्चही आयआयएमच्या मानाने पुष्कळ कमी. आणि शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडली की शनिवारी पहाटे रत्नागिरीत. फवारणीच्या दिवसांत मी महिन्यातून दोनदा तशी घरी येत होते, आमच्याही काजू आहेत.

रविवारी एक जुना पेपर घड्याळ लावून सोडव. नेटवर फुकट मिळतात. मग ठरव.

देवगडचो बागवाला

चेडवा, बाग खंय पळान जातली नाय. पण तुझी भीती खरी आसा, ती माका कळता.

कल्टारचं लिहिलंस म्हणून प्रमाण मराठीत सविस्तर लिहितो, म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल. त्याची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर ठरते, दर मीटरला 3 मिली, ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस. पाच मीटरच्या झाडाला 15 मिली, बस. डोळ्यांनी अंदाज घेऊन ओतलं की झाड एक वर्ष देतं आणि मग बसतं. तुमच्या जुन्या कलमांना दोन-तीन वर्षं अजिबात देऊ नका. शेणखत घाला आणि दाटलेल्या फांद्या विरळ करा.

बाग द्यायचीच वेळ आली तर करार कागदावर करा. कल्टार घालायचं की नाही, घातलं तर किती, फांदी कोण तोडणार, हे सगळं त्यात आलं पाहिजे. आमच्याकडे अजून तोंडी करार चालतात आणि मग माणसं आयुष्यभर एकमेकांशी बोलत नाहीत. शक्य असेल तर पूर्ण बाग देऊच नका. आजोबांची साठ कलमं स्वतःकडे ठेवा, बाकीची द्या. तेवढ्यांवर तुझे बाबा पडवीत बसूनही लक्ष ठेवतील.

परीक्षेतलं मला काही कळत नाही. मात्र 11 पेट्या बदलून दिल्यास ते वाचून बरं वाटलं.

चिपळूण

पस्तीस वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच कर्ज विभागात. बाग गहाण टाकायची भीती मनातून काढून टाक, पोरी. आयआयएमसारख्या वरच्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांना सरकारी बँका विनातारण कर्ज देतात, कारण परतफेड होते हा त्यांचा अनुभव आहे. शिवाय नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण नाही, जामीनदार नाही. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात 3 टक्के सवलत मिळू शकते. ती वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच आहे, तेव्हा धरून चालू नकोस. यादीबाहेरच्या खाजगी कॉलेजसाठी मात्र बँक तारण मागेल. तिथे बाग लावायची नाही, हे आत्ताच ठरवून ठेव.

दुसरं, तू ओबीसीत येत असशील तर नॉन-क्रिमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा चालत नाही. फॉर्म भरतानाच तो अपलोड करावा लागतो आणि प्रवर्ग मागाहून बदलता येत नाही. मुलं 12 तारखेला तहसीलला धावतात आणि शेवटी खुल्या गटातून भरतात. सोमवारी सकाळीच जा.

रात्रपाळी

माझं मत वेगळं आहे. या वर्षी भरू नकोस. 86 दिवस, नोकरी, बाग, वडिलांची तब्येत. यातून 70-75 पर्सेंटाईल येईल आणि "मला जमत नाही" हे कायमचं डोक्यात बसेल. माझ्या बाबतीत तसंच झालं, पुन्हा फॉर्म भरायला चार वर्षं लागली. कॅटला वयाची अट नाही. निकाल एकाच प्रवेशवर्षापुरता चालतो, त्यामुळे अर्धवट तयारीचा निकाल साठवूनही ठेवता येत नाही. जूनपासून नीट सुरुवात कर आणि पुढच्या वर्षी दे.

आणखी एक. आंब्याचंच करायचं असेल तर आयआयएम अहमदाबादला अन्न आणि कृषी व्यवसायाचा वेगळा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, लखनौलाही कृषी व्यवसायाचा आहे. दोन्हींना कॅट लागते. मुलाखतीत पेट्यांचं हे सगळं असंच सांग.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी पेपर सोडवायचा होता.

आज रविवार. सकाळी 2023 चा पेपर सोडवला. 198 पैकी 43. गणितात 24, इंग्रजीत 16, डीआयएलआरमध्ये 3. पहिल्या उताऱ्याला बारा मिनिटं गेली. खाडीपलीकडची ताई, तुम्ही लिहिलंत तसंच झालं, एका सेटमधून बाहेरच पडता आलं नाही. तरी एक झालं. इंग्रजीचे 16 बघून वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं. भीती शून्याची होती.

बाबा घड्याळ घेऊन समोर बसले होते. संपल्यावर त्यांना विचारलं, मी गेले तर बाग कराराने देणार ना? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सगळी नाही द्यायची. आजोबांची साठ आपल्याकडेच." मी त्यांना देवगडच्या काकांचं वाचून दाखवलेलं नव्हतं. त्यांच्या मनात ते आधीपासूनच होतं. नोव्हेंबरातल्या पहिल्या दोन फवारण्यांना चुलतभाऊ येणार आहे, त्याच्याशी दुपारी बोलले. त्याच्या घराच्या कामात जानेवारीत मी हिशोब बघायचा, असं ठरलं.

रात्रपाळी, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. तुम्ही म्हणता ते होऊ शकतं. पण मी एक वर्ष थांबले तर पुढच्या नोव्हेंबरातही मोहोर असणारच आहे, आणि तेव्हाही मी हेच विचारत बसेन. म्हणून फॉर्म भरतेय, 2,600 रुपये माझ्या पगारातून. यंदा 85 च्या खाली आले तर ती सीईटीची तयारी समजेन आणि पुढच्या वर्षी पुन्हा देईन. अहमदाबादच्या अभ्यासक्रमाचं मला माहीतच नव्हतं. आज संध्याकाळभर तेच वाचत होते.

चिपळूणचे काका, माझ्याकडे राज्याचा तीन वर्षांचा दाखला आहे, केंद्राचा नाही. उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून तहसीलला जाते. जुन्या दाखल्याच्या प्रतीवर होतं, की उत्पन्नाचे कागद पुन्हा सगळे द्यावे लागतात?

आणि परीक्षेच्या शहरांत पहिली पसंती कोल्हापूर देतेय. सकाळचं सत्र आलं तर आदल्या दिवशीच आंबा घाटातून जावं लागेल. बाबांना त्या आठवड्यात बाग सोडता येणार नाही, म्हणजे मी एकटीच. स्टँडजवळ मुलीला एक रात्र राहता येईल असं साधं, खात्रीचं ठिकाण कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा.